आक्का, वखार भरली

आक्का, तुझा शेवटचा बोर्ड मेला असं मी घरात जाहीर केलं, आणि केबल चार्जिंगची निघाली.

तू गेल्यानंतरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होऊन पाहुणे आपापल्या गावी गेले होते. भाऊजी खाली पलंगावर भिंतीकडं तोंड करून पडले होते. मी बेळगावच्या खासबागेतल्या तुझ्या माडीवर जाऊन बसलो. तुझं स्टूल सोडलं आणि माझी प्लास्टिकची खुर्ची ओढली. पलीकडच्या घरातले माग खडखडत होते. बोर्ड लॅपटॉपला जोडला तर बोर्डावर लाल दिवा लागला, पण लॅपटॉपला बोर्ड दिसेना. मी ड्रायव्हर काढला, परत घातला. लॅपटॉप बंद केला, चालू केला. केबलचं टोक एका भोकातून दुसऱ्या भोकात घालून झालं. मग खाली आलो आणि म्हणालो, "भाऊजी, आक्काचा बोर्ड गेला."

भाऊजी शाळेत इतिहास शिकवतात. सोल्डरच्या धुराचा वास सोडला तर आपल्या धंद्यातलं त्यांना काही ठाऊक नाही. त्यांनी कूससुद्धा बदलली नाही. भिंतीकडं बघतच म्हणाले, "केबल कुठली लावलीस?"

तू मला हे इतक्या वेळा विचारलं होतंस की खालच्या मजल्यावर त्यांना पाठ झालं होतं.

केबल माझ्या फोनच्या चार्जरची होती. आत नुसत्या विजेच्या तारा, बोलण्याच्या तारा नाहीतच. तू तिला 'जेवायला घालते पण बोलत न्हाय' म्हणायचीस आणि तसल्या केबली वेगळ्या खोक्यात टाकायचीस. मी त्यातलीच एक उचलून आणली होती. दुसरी लावली, लॅपटॉपला बोर्ड दिसला. हे भाऊजींना सांगायला परत खाली गेलो नाही. तुला सांगतोय, कारण असल्या गोष्टी सांगायला मला दुसरं माणूस नाही. बाकीचे ऐकून मान हलवतात. तू शिव्या घालायचीस.

बिघाड शोधायची तुझी रीत ठरलेली. आधी वीज, मग वायर, मग हवा, आणि हे सगळं बरोबर निघालं तरच माझा प्रोग्राम. मी उलट्या बाजूनं सुरुवात करायचो, कारण प्रोग्राम बदलायला खुर्चीवरनं उठावं लागत नाही. आणि तू डिप्लोमाच्या पोरांना सांगायचीस तेच मला सांगायचीस, "एका वेळी एकच गोष्ट हलव रं." मी तीन हलवायचो. बोर्ड चालू व्हायचा, मी टाळी वाजवायचो, आणि तू विचारायचीस, "कशानं चालला?" मला सांगता यायचं नाही. मग तू शांतपणे माझ्या तीन दुरुस्त्यांतल्या दोन काढून टाकायचीस आणि तो परत बंद पडायचा. चाललेलं यंत्र बंद पाडून समाधानानं चहा पिणारी बाई मी दुसरी बघितली नाही.

तो पिनचा घोळ तर तुला मरेपर्यंत पुरला. नव्या बोर्डात मी प्रोग्राम भरला की सगळं ठीक चालायचं. सेन्सर जोडून बोर्ड परत चालू केला की ढिम्म. सेन्सर काढला की चालू. मी तुला म्हणालो, सेन्सर खराब आलेत, दुकानदाराला परत करू. नुसतं म्हणालो नाही, दुकानात जाऊन भांडून आलो. तू कॉलेजातनं येताना वाटेत त्याच दुकानात थांबलीस, त्यानं तुला सगळं सांगितलं. घरी आलीस, बोर्ड हातात घेतलास, आणि विचारलंस, "सेन्सर कुठल्या पिनला लावलास?" मी दाखवली. चिप उठताना त्या एका पिनकडं बघते. ती खाली ओढलेली दिसली की समजते, नवा प्रोग्राम यायचाय, आणि दार उघडून वाट बघत बसते. बोर्डावर चाळीस एक पिना. मी सेन्सर नेमका तिलाच लावला होता, कारण ती कोपऱ्यात होती आणि तिथं वायर नीट दिसत होती.

"म्हंजे त्यो बिचारा रोज उठून तुझी वाट बघत बसलाय," तू म्हणालीस, "आणि तू गावभर त्याची बदनामी करत फिरलास."

मी काहीतरी बाजू मांडायला गेलो. तू कानडीत "साकु माडो" म्हणालीस, म्हणजे पुरे कर. तू कानडीत गेलीस की विषय संपला हे तुझ्या वर्गातल्या पोरांना माहीत होतं तसं मलाही होतं. दुसऱ्या दिवशी दुकानदाराची माफी मागायला मला एकट्याला पाठवलंस. त्यानं चहा पाजला आणि वर म्हणाला, मॅडमनी कालच सांगून ठेवलंय, तुम्ही याल म्हणून.

आता वखारीबद्दल बोलतो. आपलं खरं भांडण तिथलं आहे आणि ते अर्धंच राहिलंय.

निपाणीच्या वखारीत आईनं तंबाखू चाळली, निवडली, आणि थप्पीवर चढून बोदांत हात घातले. बोद म्हणजे ती तंबाखूची थोराड पोती, दोघांनी मिठी मारली तरी न मावणारी. ओल राहिलेली तंबाखू थप्पीच्या पोटात तापते, आणि तापली की वाया जाते. म्हणून रोज कुणीतरी वर चढायचं, बोदाच्या तोंडातून कोपरापर्यंत हात घालायचा आणि सांगायचं, गार आहे की ऊन आहे. आईच्या हाताची कातडी अजून तशीच रापलेली आहे. तू म्हणालीस, "हात घालायचं काम बोर्डाला लावायचं." आईला सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, "त्येला शिंका येत न्हाईत व्हय?" तू म्हणालीस, न्हाईत. आई म्हणाली, "मग लाव."

तर तो बोर्ड. थप्पीत खोचायची डबी, आत सेन्सर आणि चिप, वायर नको, हवेतून आकडा थेट वखारीचा हिशेब बघणाऱ्या दिवाणजींच्या कचेरीत. सुगीच्या आधी वखार झाडून मोकळी झाली तेव्हा आपण बघायला गेलो. मी डबी पार शेवटच्या कोपऱ्यात ठेवली. तू कचेरीत, दिवाणजींच्या शेजारी. तू मोठ्यानं वाचत होतीस ते आकडे असे धडाधडा आले की मी तिथनंच ओरडलो. दिवाणजींना पेढा दिला. त्यांनी तो अर्धा खाल्ला, अर्धा कागदात बांधून टोपीखाली ठेवला.

तू पेढा घेतला नाहीस. "वखार भरल्यावर बघू," म्हणालीस.

"भिंती त्याच, अंतर तेवढंच," मी म्हणालो.

"आणि मधी काय असंल?"

"तंबाखू. पाला तो. पाला काय करतोय?"

"ओला पाला," तू म्हणालीस.

निपाणी ते बेळगाव, एसटीत, आपण त्या ओल्या पाल्यावर भांडलो. तुझं म्हणणं, ओलाव्यात ही लहर जिरते, डबी थप्पीच्या आत असली तरी अँटेना वायरनं बाहेर काढून वर बांबूला बांधायला हवा. माझं म्हणणं, बोर्डावर तांब्याच्या नागमोडी रेघेचा अँटेना आहेच, तो फुकट आहे, आणि मी इतकी सुबक डबी बनवून घेतलीय तिला उंदराची शेपटी कशाला. समोरच्या बाकावरच्या बाईंना शेवटी राहवेना. त्या तुला म्हणाल्या, "जाऊ द्या की वो ताई, धाकटा हाय." त्या मला कितीचा समजल्या कोण जाणे, माझे केस तेव्हाच पांढरे झाले होते.

पुढच्या बोर्डात तू दोन्हीची सोय केलीस. नागमोडी रेघही ठेवलीस आणि वायरीचा अँटेना लावायला शेजारी एक बारकं सॉकेटही. "भांडण मिटलं," म्हणालीस. मिटलं कुठलं. सोल्डरिंग मी केलं, डब्या मी बंद केल्या, सॉकेटं रिकामीच ठेवून वखारीत देऊन आलो. वायरीचे अँटेने पिशवीत तसेच राहिले. आणि तू दवाखान्यात गेलीस.

दवाखान्यातलं फार लिहीत नाही. मी रोज येताना घरातनं एक वाक्य तयार करून आणायचो, आणि तू मला बघितलंस की विचारायचीस, "वखार भरली काय रं?" मग आपण ओलाव्यावर भांडायचो. नर्सबाई दोघांवर ओरडायच्या. शेवटच्या वेळीही तसंच झालं. तू म्हणालीस, "भरली की मला फोन कर. काय होतंय ते मला तुझ्या तोंडनं ऐकायचंय." मी म्हणालो, करतो. वाक्य परत घरी नेलं. तसं ते काही मोठं नव्हतं. मी नोकरी सोडून घरी बसलेला असताना तू मला माडीवर बोलावून घेतलंस आणि काय करतोस हे कधी विचारलं नाहीस, त्याबद्दल होतं. तुझ्यासमोर बोललो असतो तर तू "साकु माडो" म्हणाली असतीस, त्यामुळं फार नुकसान झालंय असं नाही.

वखार भरली ती तू गेल्यावर.

दिवाणजींनी सवयीनं तुझ्याच नंबरवर फोन लावला. भाऊजींनी उचलला, काय झालं ते त्यांना सांगितलं, आणि फोन माझ्याकडं दिला. दिवाणजी म्हणाले, "बाईंचं कळलं नव्हतं वो. लई वाईट झालं." मग म्हणाले, "आता कसं सांगू तुमास्नी. डब्या मुक्या झाल्यात. थप्पी चढंल तशी एकेक गप्प व्हत गेली. मालक बाजाराच्या दिवशी येत्यात. तवर बोलाय लागल्या तर ठीक, न्हायतर काढून न्या. त्येंनी बायकांस्नी चढवाय सांगितलंयच."

म्हणजे तुझा बोर्ड राहतो की भंगारात जातो ते बाजाराच्या दिवसापर्यंत ठरायचं होतं, आणि ठरवायला मी एकटा होतो. मी लगेच जायचं सोडून लॅपटॉप उघडला. आकडा गेला नाही तर परत पाठव, तरी नाही गेला तर परत पाठव, असा प्रोग्राम लिहिला. मग मोबाईल टॉवरला दोष दिला. आपल्याकडं काही चाललं नाही की सीमेवर ढकलायची सोय आहे. निपाणीच्या पुढं गेलं की फोन दुसऱ्या राज्यात जातो आणि मागं आलं की परत येतो, म्हणून डब्याही गोंधळल्या असतील. डब्या कचेरीपर्यंतच बोलतात, त्यांचा टॉवरशी काही संबंध नाही, हे मला एसटीत संकेश्वरच्या पुढं गेल्यावर आठवलं.

वखारीत शिरलो आणि शिंकलो. तिथं सगळेच आधी शिंकतात, मग नमस्कार करतात. थप्प्या छतापर्यंत गेल्या होत्या. मला मनातल्या मनात तू जिंकलेली दिसलीस. बरं, म्हटलं, हरलो. पिशवीतले वायरीचे अँटेने काढले, डब्या उघडल्या, तुझ्या सॉकेटांत एकेक दाबून बसवला, टिक् असा आवाज झाला. वायरी वर ओढून बांबूला बांधल्या. कचेरीत जाऊन बघितलं. एकही आकडा नाही.

आक्का, तुला तेव्हा मी जे बोललो ते सगळं मोठ्यानं बोललो. हे सॉकेट शोभेचं आहे म्हणालो. जाता जाता मला उल्लू बनवून गेलीस म्हणालो. दिवाणजी दारात येऊन उभे राहिले.

"कुणाशी बोलताय?"

"आक्काशी."

"काय म्हणत्यात?"

वजनकाट्याच्या पाटावर जाऊन बसलो. बसल्यावर जे सुचलं ते माझं नव्हतं. वीज मोजली, ठीक. वायरी ओढून बघितल्या, ठीक. उरली हवा. एकच डबी घेतली आणि थप्पीतून बाहेर काढली. आकडा आला. आत खोचली, गेला. बाहेर ठेवून अँटेना वर केला, खाली केला, आकडा तसाच. मग अँटेना उपटूनच काढला. आकडा तरीही तसाच, तसूभर फरक नाही. म्हणजे हा अँटेना बोलण्यात कधी नव्हताच. त्याला कुणी बोलावलंच नव्हतं.

भिंग लावून बोर्ड बघितला. सॉकेट आणि नागमोडी रेघ यांच्या फाट्यावर तू खसखशीएवढा एक तुकडा बसवायची जागा केली आहेस. तो तुकडा या बाजूला लावला तर लहर रेघेकडं जाते, त्या बाजूला लावला तर सॉकेटकडं. सगळ्या बोर्डांवर तो रेघेकडं होता. सोल्डर माझं होतं. माझं सोल्डर लांबनं ओळखू येतं, तू त्याला पक्ष्याची विष्ठा म्हणायचीस. मी बोर्ड भरताना भांडण जिंकायच्या नादात तुकडे माझ्या बाजूला लावले होते आणि पार विसरून गेलो होतो. अँटेना बसवून तो रस्त्यालाच न जोडणं म्हणजे दारात घंटा टांगून दोरी बांधायची विसरण्यासारखं आहे.

दिवाणजींच्या टेबलावर सोल्डरिंगची कांडी तापवली. पहिला तुकडा उचलला, चिमट्यात धरला, फिरवून त्या बाजूला नेला, आणि शिंकलो. तुकडा गेला. दिवाणजी, मी आणि एक हमाल, तिघं गुडघ्यांवर बसून वखारीच्या जमिनीवर खसखस शोधत होतो. तंबाखूच्या चुऱ्यात. थोड्या वेळानं हमालानं विचारलं, "त्येच्या बिगर चालत न्हाय काय?" मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि मला कळलं की चालतं. तो तुकडा नुसता पूल आहे, त्यात काहीच नाही, सोल्डरचा एक थेंब त्या जागी टाकला तरी तेच काम होतं. तू असतीस तर गुडघ्यांवर बसूच दिलं नसतंस. थेंब टाकला. बाकीच्या डब्यांना तर तुकडा काढून थेटच थेंब टाकला, तोंडाला रुमाल बांधून.

आकडे आले, आक्का. तुला फोन करायचा होता तो हा.

एक सांगायचं राहतं, कारण तू सगळंच बरोबर बोलली होतीस असं तुला वाटायला नको. पश्चिमेच्या भिंतीकडची डबी सगळ्यात जड जाईल म्हणाली होतीस ना, ती सगळ्यात आधी बोलली. का, ते मला कळलेलं नाही. तुला कळलं असतं, आणि तू ते अशा तऱ्हेनं सांगितलं असतंस की तू आधीही तेच म्हणाली होतीस. आणि उंदराची शेपटी अजून वाईटच दिसते. त्या मुद्द्यावर मी हललेलो नाही.

मधल्या थप्पीचा आकडा इतरांपेक्षा चढा होता. दिवाणजींनी तो बराच वेळ बघितला. मग एका बाईला हाक मारली, "शांता, मधल्या थप्पीत हात घालून बघ गं." ती वर चढली, पदर खोचून कोपरापर्यंत हात घातला, आणि वरनंच म्हणाली, "ऊन हाय की वो." दिवाणजींनी ती थप्पी फोडून पसरायला सांगितली. शांता खाली उतरून हात पुसायला लागली. मी बघत होतो हे तिला कळलं तेव्हा तिनं हात पदराखाली घेतला. मला आई आठवली. तू असतीस तर तिच्याशी बोलली असतीस. मला जमलं नाही.

मालक बाजाराच्या दिवशी आले, फिरले, आकडे बघितले, डब्या राहू द्या म्हणाले. मला वाटलं ते तुझं नाव काढतील. त्यांनी चहाचं विचारलं. तुझं नाव दिवाणजींनी काढलं, मी पिशवी भरत असताना.

"बाई व्हत्या तवर काळजी न्हवती," ते म्हणाले. "आता ह्यातलं काय बिघडलं तर फोन कुणाला लावायचा?"

"मला लावा की," मी म्हणालो.

दिवाणजींनी चष्मा काढून टोपीच्या काठाला पुसला आणि माझ्याकडं नीट बघितलं.

"बिघडवणाऱ्याचा नंबर हाय माझ्याकडं. दुरुस्त करणाऱ्याचा इचारलाय."